चटईवरून पाहिलेली ओहोटी

मित्रांनो, मी एक जुनी चटई आहे. जन्म बहुतेक आडवी पडून काढला असला तरी पाहिलंय पुष्कळ, आणि जे पाहिलं नाही तेही सांगायला मी मागे हटत नाही.

झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर काझिजा नावाच्या बाईने मला शिंदीच्या पात्यांतून विणलं. आधी जांभळी-हिरवी लांबच लांब पट्टी विणायची, मग ती शेजारी शेजारी ठेवून शिवायची, ही आमची रीत. माझी पट्टी इतकी लांब झाली की तिचं टोक शोधायला काझिजा सकाळी पुढच्या दाराने निघाली, ती बेटाला वळसा घालून संध्याकाळी मागच्या दाराने घरात आली. टोक एका खेकड्याने धरून ठेवलं होतं. विश्वास बसत नसेल तर त्यालाच विचारा.

माझ्यावर लग्नं ठरली, बाळं रांगली, नारळाच्या रसातला ऑक्टोपस सांडला. पाहुणे म्हणत, चटई असावी तर अशी. मग प्लॅस्टिकची चटई आली आणि मी गुंडाळी होऊन सात वर्षं दारामागे उभी राहिले.

मला पुन्हा उलगडलं ते काझिजाच्या लेकीसाठी. मिझे तिचं नाव, वय चोवीस. ओहोटीला बायकांबरोबर समुद्रात उतरायची, काठ्यांना बांधलेल्या दोऱ्यांवर विकायचं शेवाळ लावायची. एकदा तिला ताप आला. ताप गेला, पण अंगातलं बळही सोबत घेऊन गेला. शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा दीर्घ थकव्याचा आजार. कितीही झोपलं तरी थकवा तसाच. आणि बरं वाटलं म्हणून एखाद्या दिवशी जरा जास्त काही केलं, की पुढचे कित्येक दिवस हात उचलत नाही. काझिजा गुपचूप डोळे पुसायची आणि मोठ्याने म्हणायची, "पडून पडून चटईला खळगा पाडलास, पोरी."

नीरफणसाच्या सावलीत, माझ्यावर आडवी होऊन, मिझे फोनवर प्रोग्रॅमिंग शिकू लागली. रोज दहा मिनिटांचा गजर. वाजला की अर्ध्या शब्दावरही थांबायचं. उद्या डोक्यात धुकं असणार हे ठाऊक, म्हणून प्रोग्रॅममध्येच ती चिठ्ठी ठेवायची: उद्याच्या मिझे, इथून पुढे.

मग तिचा डोळा लागायचा. झोपणाऱ्याची स्वप्नं चटईत झिरपतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. तिच्या स्वप्नात मासे रांगेने यायचे. प्रत्येकाला एकच प्रश्न: पाणी ओसरलं का? ओसरलं असेल तर निरोप दे, नसेल तर मागे जाऊन पुन्हा रांगेत ये. प्रोग्रॅम म्हणजे असंच काहीतरी असतं. मला तो माशांनी शिकवला.

एक दिवस शेवाळवाल्या बायकांची म्होरकी, तातू, माझ्या काठावर येऊन बसली.

"मिझे, तुझी समुद्रातली जागा वर्षभर रिकामी पडलीय. तुझ्या काठ्या मागणाऱ्या दोघीजणी आहेत."

"मावशी, मी ओहोटीची वेळ सगळ्यांच्या फोनवर पाठवेन. तेच माझं काम धर."

"आम्हाला चंद्र दिसतो की."

"आणि नव्या सुनांना?"

"त्यांना फक्त फोन दिसतो," तातू हसली. "बरं. अमावास्या-पुनवेच्या येत्या दोन मोठ्या ओहोट्या बघते. मग काठ्यांचं ठरवू."

पहिला निरोप गेला: उद्या ओहोटी १० वाजता. दुसऱ्या दिवशी मिझेला डोळे उघडवत नव्हते. संध्याकाळी काझिजा आली ती गळ्यापर्यंत भिजलेली, आणि तिच्यामागे तातू.

"तुझ्या आईला विचार, आज समुद्रात काय पेरत होती. सुनासुद्धा सकाळी आमच्या मागोमाग आल्या. ही एकटी दहा वाजायची वाट बघत घरी थांबली, आणि भर भरतीत काठ्या चाचपत होती."

मिझे कोपरावर उठली. "आई, तुला पाणी दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग?"

"तू लिहिलं होतंस."

त्या दिवशी मिझेने गजर लावला नाही. चूक शोधत दोन तास बसली. चूक सापडली नाही, आणि पुढचे बारा दिवस तिला फोनचा उजेडही सोसेना. माशांची रांगसुद्धा स्वप्नात यायची थांबली.

तेराव्या दिवशी तिने फोन हातात घेतला. काझिजा शेजारी नारळ खवत होती.

"आई, त्या दिवशी पाणी खरं कधी ओसरलं?"

"चारला."

"फोनवर तर दहा आहेत."

"तुझ्या फोनचा दिवस सुरू कधी होतो?"

"मध्यरात्री."

"तेव्हा कोण उठतं? आपला दिवस उजाडल्यावर सुरू होतो. तिथून चौथ्या तासाला."

मिझे आढ्याकडे पाहावं तशी झाडाकडे पाहत राहिली. "सहा तासांचा फरक. फोनचे दहा म्हणजे आपले चार. मी आकडा तसाच पाठवला, आणि आपल्या दहाला, म्हणजे फोनच्या दुपारी चारला, तर भरती असते."

तेवढ्यात गजर वाजला. मिझेने फोन पालथा ठेवला.

"अगं, लिही ना," काझिजा म्हणाली. "एकच तर ओळ आहे."

"उद्या."

"परवा मोठी ओहोटी आहे."

"म्हणूनच उद्या."

काझिजाने खवणी बाजूला ठेवली. मग ती दुपारभर तिथेच बसली. कोंबड्यांना, शेजारणींना, आणि मला तर वाटतं वाऱ्यालाही, तिने बोटाच्या खुणेने गप्प केलं. दुसऱ्या दिवशी मिझेने लिहिलं: सहा वजा करा. निरोप गेला.

ओहोटीच्या दिवशी सगळ्यांच्या आधी सुना पाण्यात होत्या, बरोबर चारला. ओलं पोतं डोक्यावर घेऊन तातू अंगणात थांबली.

"काठ्या तुझ्याच. दोऱ्या आई बांधेल, वेळ तू सांग. आणि काझिजा, तू यापुढे पाणी बघून उतरत जा."

"मी निरोप बघूनच उतरणार," काझिजा म्हणाली.

मित्रांनो, आता माझ्या कडा उसवल्यात, जांभळा रंग विटलाय. चटईला ऊन दाखवा, झटका, उसवली तर दोन टाके घाला. पण तिच्यावर कुणी पडलेलं असेल तर ती ओढू नका, आणि अजून किती वेळ, असंही विचारू नका. आडवं पडलेलं माणूस रिकामंच असतं असं नाही. मिझेचा आत्ताच डोळा लागलाय. म्हणून तर हे सगळं मी इतक्या हळू सांगतेय.