उन्हाळी पेटी

"सही कुठे करायची ते पेन्सिलीनं दाखवलंय," मुख्यालयातले साहेब म्हणाले आणि त्यांनी कागद पुढे सरकवला.

स्टोअरकीपरनं बसल्या जागेवरूनच तो वाचला. दक्षिण ध्रुवाजवळच्या केंद्रात काळे चष्मे साठ्यात उपलब्ध होते. पंप मिस्त्री ते न घालता बाहेर काम करत राहिला. सबब, डोळ्यांची हानी त्याच्याच निष्काळजीपणामुळे झाली. पहिल्या दोन वाक्यांत एक शब्द खोटा नव्हता, म्हणूनच त्याचं डोकं फिरलं. सही झाली की मिस्त्रीची नोकरी जाणार होती. बसून करायचं हलकं कामसुद्धा त्याला मिळणार नव्हतं.

चष्मे होते. चांगले चोवीस होते, उन्हाळी पेटीत. आणि ती पेटी एक डिसेंबरला उघडायची, असा नियम होता. नियम करणाऱ्यानं बर्फ फक्त फ्रिजमध्ये पाहिलं असावं. ऊन म्हणजे उकाडा, एवढीच त्याची अक्कल. तिथे सप्टेंबरात सूर्य वर येऊ लागतो आणि नेमका तेव्हाच आभाळातला ओझोनचा थर जुन्या चादरीसारखा विरतो. तो पुन्हा भरेपर्यंत नोव्हेंबर सरत आलेला असतो. मधल्या काळात उणे वीसच्या थंडीतही अतिनील किरण वरून उतरतात आणि खालचं बर्फ ते परत तोंडावर फेकतं. पेटी उघडायची तेव्हा सगळ्यात वाईट दिवस होऊन गेलेले असायचे.

हे स्टोअरकीपरला माहीत नव्हतं असं नाही. हवामान मोजणाऱ्या बाईंनी जेवणघराच्या भिंतीवर अतिनील किरणांचा आलेखच लावला होता. ऑक्टोबरातल्या काही दुपारी डिसेंबरपेक्षा उंच. पेटी आत्ताच उघडा, असं त्या स्टोअरच्या खिडकीशी येऊन सांगून गेल्या. त्यानं लेखी हुकूम मागितला. बाईंनी मुख्यालयाला तीन पत्रं लिहिली, उत्तर एकाचंही आलं नाही, आणि यानंही किल्ली हलवली नाही. केंद्रातली माणसं त्याला 'कुलूप' म्हणायची. त्याला ते आवडायचं, याची आता त्याला शिसारी येत होती.

मिस्त्री मात्र रोज बाहेर. पाण्याची लाइन गोठली की पंप उघडायला तोच. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं, दोन दिवस पट्टी बांधून पडायचा, तिसऱ्या दिवशी पुन्हा पाना-पक्कड घेऊन निघायचा. अशी पाच वर्षं गेली. पाचव्या वर्षी पट्टी सोडली तरी त्याला समोरचं माणूस दिसेना. दोन्ही डोळ्यांत फूल पडलंय, डॉक्टर म्हणाले. त्याला विमानात चढवलं ती तारीख वीस नोव्हेंबर होती. त्या दिवशी स्टोअरकीपरनं पेटी उघडली आणि एक चष्मा त्याच्या डोळ्यांवर चढवला. कुलूप सहज उघडलं. हुकूम कुठे आहे, असं कुणी विचारलंसुद्धा नाही.

"अहो, चार महिन्यांत निवृत्त होताय," साहेब म्हणाले. "कशाला अंगावर घेता? आणि बर्फात ऊन बाधतं हे मानणार कोण?"

त्यानं पेन उचललं. पेन्सिलीच्या खुणेवर सही केली नाही. खाली मोकळ्या जागेत, रजिस्टरातल्यासारख्या स्वच्छ अक्षरात लिहिलं: चष्मे होते. पेटीला कुलूप मी लावलं होतं. ते एक डिसेंबरपर्यंत उघडायचं नाही, हा हुकूम तुमचा होता. मग त्याखाली सही केली. रागानं निब कागदातून आरपार गेलं.

तिथून तो तडक मिस्त्रीच्या घरी गेला. वहिनींनी दार उघडलं, 'बसा' म्हणाल्या नाहीत. मिस्त्री खिडकीकडे पाठ करून जमिनीवर बसला होता. उजेड सहन होत नाही म्हणून तोच काळा चष्मा लावलेला. समोर वर्तमानपत्रावर सुटा केलेला पंप होता आणि तो हातानं चाचपत एकेक भाग जोडत होता. स्टोअरकीपरनं उभ्याउभ्याच काय लिहिलं ते सांगितलं.

"पाच वर्षं किल्ली तुझ्या कमरेला होती," मिस्त्री म्हणाला.

"होती."

"मी आलो होतो एकदा मागायला."

"आला होतास."

मिस्त्रीच्या हातातून एक वॉशर निसटला आणि घरंगळत स्टोअरकीपरच्या पायाशी येऊन थांबला. तो उचलायला वाकला.

"उचलू नकोस," मिस्त्री म्हणाला. "कुठे आहे तेवढं सांग."

"माझ्या उजव्या पायाशी."

मिस्त्री गुडघ्यांवर आला आणि फरशी चाचपत पुढे सरकू लागला. स्टोअरकीपरनं पाय बाजूला घेतला आणि तो तसाच उभा राहिला.