रेशमाची राखण

वत्सलाबाईंना घरात मुद्दाम कुणी काही सांगायला जात नसे, आणि तरी त्यांना ठाऊक नाही अशी गोष्ट त्या घरात नव्हती. इंदिरानगरातला लहानसा फ्लॅट, भिंती पातळ आणि बाईंचे कान तिखट. सुनेला परदेशातून फोन आला की त्या मेथीची जुडी घेऊन थेट फोनशेजारी फतकल मारायच्या. इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं, पण माणसाचा आवाज कळायला भाषा कशाला लागते? सुनेचा आवाज गेले काही महिने उतरत चाललाय, हे त्यांनी मेथी निवडता निवडता हेरलं होतं.

सून म्हणजे तृप्ती. नाशकातल्या एका कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवायची आणि उरलेल्या वेळात, म्हणजे वत्सलाबाईंच्या मते जेवायच्या आणि झोपायच्या वेळात, संशोधन करायची. सिंहस्थ उरकला त्याच्या पुढच्या वर्षी तिचं पोर्तुगालच्या एका विद्यापीठाबरोबर काम सुरू झालं. काम असं, की इथे तृप्तीनं रेशीम उकळून, विरघळवून त्याच्या पांढऱ्या चकत्या करायच्या आणि तिकडे इसाबेल नावाच्या प्राध्यापक बाईंनी त्या चकत्यांवर माणसाच्या कातडीच्या पेशी वाढवायच्या. पेशींनी चकतीत मूळ धरलं, तर पुढेमागे भाजलेल्या माणसाच्या जखमेवर ती चकती लावून नवी कातडी आणता येईल. सुनीलनं आईला हे समजावलं तेव्हा वत्सलाबाईंनी एक चकती उजेडात धरून पाहिली. अनारशाला पडते तशी बारीक जाळी होती.

"हे आपल्या वाल्मीकनं पाठवलेलं रेशीम?" त्यांनी विचारलं.

"तेच."

मग काय, बाईंना आभाळ ठेंगणं झालं. वाल्मीक म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, येवल्याला अजून माग चालवणारा. वत्सलाबाईंचं माहेर-सासर दोन्ही येवल्याचं, दोन्हीकडे पैठणीचा धंदा. नवरा गेला, माग विकला, मुलगा सिन्नरच्या कारखान्यात होता म्हणून त्या नाशकात आल्या आणि रेशमाशी संबंध सुटला तो सुटलाच. आता वाल्मीक एसटीनं रेशमाच्या लडी पाठवायचा, बाई स्टँडवर जाऊन त्या उतरवून घ्यायच्या. शेजारच्या लंकाबाईंना त्या सांगायच्या, "आमचं रेशीम फॉरेनला जातंय. साडी म्हणून नाय, कातडी म्हणून." लंकाबाईंना त्यातलं काही कळायचं नाही. न कळणाऱ्या माणसासमोर मिरवण्यात वेगळीच मजा असते.

आता बाईंनी जे केलं ते सांगायला हवं, आणि त्यांच्यावर हसण्याआधी पुरतं ऐकून घ्यायला हवं. कुरिअरवाल्याचं ऑफिस घराजवळ होतं, म्हणून चकत्यांचा खोका तृप्ती आदल्या संध्याकाळी घरी आणून ठेवायची. चकत्या प्लास्टिकच्या बंद पिशव्यांत, पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात. पहिला खोका आला तेव्हा वत्सलाबाईंनी झाकण उचकटून आत पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. इतक्या लांब निघालेलं रेशीम, आणि सोबत काही म्हणजे काही ठेवलेलं नाही. कसर लागली म्हणजे? शिकलेल्या पोरींना रेशीम उकळता येतं, राखता येत नाही. त्यांनी आपल्या कपाटातल्या डांबराच्या गोळ्या काढल्या, मलमलीच्या चिंधीत पुरचुंडी बांधली आणि खोक्याच्या तळाशी, पिशव्यांच्या खाली सारली. जरीचं काही असतं तर त्यांनी गोळी ठेवली नसती, गोळीनं जरीची तार काळी पडते हे येवल्यात लहान पोरालाही माहीत. पण हे तर नुसतं रेशीम. त्यांनी सगळा विचार करूनच ठेवली होती. तृप्तीला सांगितलं नाही, कारण दमून आलेल्या पोरीला तिची चूक कशाला दाखवा.

पोर्तुगालहून निरोप आला की पेशी मेल्या. एकही जगली नाही.

तृप्तीनं रेशीम पुन्हा धुतलं, पाणी बदललं, सगळी भांडी बदलली आणि दुसरा खोका पाठवला. वत्सलाबाईंना वाटलं, नक्की कसरच लागली असणार, आपण गोळ्यांत काटकसर केली. त्यांनी पुरचुंडी मोठी बांधली. पेशी पुन्हा मेल्या. तिसऱ्या खोक्याला तर त्यांनी मूठभर गोळ्या घातल्या आणि वर देवाला नमस्कारही केला. पेशी मेल्या त्या मेल्याच.

तृप्ती वाळत चालली. तिनं प्रयोगशाळेत मागे ठेवलेल्या चकत्या पुण्याला तपासून आणल्या, तर त्या स्वच्छ निघाल्या. मग तिकडे जाऊन त्यांना होतं काय? एके दिवशी ताटावर बसली आणि भाताशी नुसता चाळा करत राहिली.

"इसाबेल मुंबईला परिषदेला येतायत," ती सुनीलला म्हणाली. "तिथून नाशकात येणार आहेत. मला वाटतं, तोंडावर सांगायला येतायत. जपानचं रेशीम घेऊन पुढचं काम करू म्हणून तिकडे बोलणं झालंय. तसं झालं तर आपण बाहेर. कॉलेजही ही प्रयोगशाळा ठेवणार नाही."

"जपानचं?" वत्सलाबाईंचा घास हातातच राहिला. "आपल्या रेशमाला काय धाड भरली?"

तृप्ती हसली, पण ते हसू पाहून बाईंनी हातातला घास ताटात ठेवला. ही पोर त्यांना सून म्हणून आवडायची की लेक म्हणून, हे त्यांनी कधी ठरवलं नव्हतं. नवरा गेला त्या वर्षी हिनं त्यांचं डोकं मांडीवर घेऊन थोपटलं होतं, एवढं त्यांना आठवत होतं. हिचं काम गेलं तर ही आतून विझेल, हे त्यांना स्वच्छ दिसलं.

इसाबेलबाई आल्या त्या जानेवारीतल्या एका सकाळी. पन्नाशीची ठेंगणी बाई, केस कापलेले, डोळे चौकस. प्रयोगशाळेत सकाळभर सगळं उलटंपालटं करून पाहिलं होतं, पण दोष सापडला नव्हता. जेवायला मात्र तृप्तीनं त्यांना घरी आणलं. वत्सलाबाईंनी पुरणपोळी केली होती. पाहुणी मुकाट्यानं दोन खाऊन तिसरीकडे बघायला लागली, तेव्हा बाईंना वाटलं, माणूस वाईट नाही, सांगायला आलेली गोष्ट वाईट आहे.

जेवणं झाल्यावर इसाबेलबाईंनी पिशवीतून कागद काढले आणि तृप्तीकडे पाहून घसा खाकरला. ते खाकरणं वत्सलाबाईंना ओळखीचं होतं. व्यापारी सौदा मोडायचा असला की असंच खाकरतो.

"थांबा म्हणावं त्यांना," त्या सुनीलला म्हणाल्या. "बाई घरी आल्या, ओटी भरल्याबिगर काय बोलायचं नाय."

थोडा वेळ तरी काढावा, एवढाच त्यांचा हिशेब. त्यांनी लोखंडी कपाट उघडलं, जुना बिनजरीचा रेशमी शेला काढला, नारळ-तांदूळ घेतले आणि विधवेनं ओटी भरू नये हा विचार बाजूला सारून, कुंकू लावून पाहुणीच्या पदरात, म्हणजे पदर नव्हताच, तर पसरलेल्या ओंजळीत सगळं घातलं. इसाबेलबाईंना मौज वाटली. त्यांनी शेला गालाला लावला, मग नाकाशी नेला आणि तिथंच थबकल्या.

त्यांनी शेला पुन्हा हुंगला. तृप्तीकडे पाहून काहीतरी बोलल्या, हळू, एकेक शब्द तोलून. तृप्तीचा चेहरा पांढरा पडला.

"काय म्हणत्यात?" वत्सलाबाईंनी सुनीलला कोपरानं ढोसलं.

"हाच वास त्यांच्या खोक्यांना यायचा म्हणे. त्यात कापडाच्या पुरचुंड्याही असायच्या. तिथल्या माणसाला वाटलं, ओल शोषायला ठेवल्यात. तो काढून टाकायचा." सुनील आईकडे बघायला लागला. "आई, त्या म्हणतायत, या वासानं पेशी मरतात. गोळीची वाफ प्लास्टिकातून आत शिरते आणि चकतीत मुरते."

वत्सलाबाई पलंगाच्या कडेला बसल्या. पहिली पुरचुंडी, दुसरी मोठी, तिसरी मूठभर. ज्या रेशमाची त्यांनी जिवापाड राखण केली, त्याचं त्यांनी आपल्या हातानं विष केलं होतं. पोरीनं महिनोन्‌महिने भांडी घासली, पाणी बदललं, आणि हत्यार आपल्या कपाटात होतं. धरणीनं पोटात घ्यावं असं त्यांना झालं.

तृप्तीनं सासूकडे एकदाच पाहिलं. त्या एका नजरेत तिला सगळं कळलं, हे वत्सलाबाईंनाही कळलं. मग ती पाहुणीकडे वळली, छातीवर हात ठेवला आणि इंग्रजीत दोन-तीन वाक्यं बोलली. आवाज अजिबात हलला नाही. इसाबेलबाईंच्या भुवया वर गेल्या. त्यांनी कागद पुन्हा हातात घेतले, आणि आता त्यांचा चेहरा मघापेक्षा कडक झाला होता.

"सुनील, काय बोलली ती?"

सुनील खाली बघत कुजबुजला, "त्या गोळ्या तिनंच ठेवल्या म्हणतेय. घरी रेशमात ठेवायची सवय, म्हणून विचार न करता ठेवल्या."

वत्सलाबाईंना क्षणभर उलगडाच होईना. मग झाला. रेशमात डांबराची गोळी ठेवणारी म्हातारी, तिला जग अडाणी म्हणून हसेल आणि विसरून जाईल. पण पेशींच्या कामात गोळी ठेवणारी शास्त्रज्ञ, तिच्या हाती पुन्हा कोण काय देईल? एवढं या पोरीला कळत नव्हतं असं थोडंच आहे. कळत असूनही ती बोलली. सासू परक्या बाईसमोर उघडी पडू नये म्हणून तिनं आपलं सगळं काम पणाला लावलं होतं.

"नाय," वत्सलाबाई उठून उभ्या राहिल्या. इसाबेलबाईंसमोर जाऊन त्यांनी आपल्याच छातीवर बोट ठेवलं. "मी. सुनील, सांग बाईंना, नीट सांग. ही खोटं बोलतेय. गोळ्या म्या ठेवल्या, हिला न विचारता ठेवल्या. हिच्या कामात खोट नाय आणि आमच्या रेशमातबी नाय. खोट माझ्या डोक्यात होती."

"आई, राहू द्या," तृप्ती म्हणाली.

"तू गप बस. लय शहाणी झालीस."

सुनीलनं सांगितलं. इसाबेलबाईंनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. मग त्यांनी शेला पुन्हा नाकाशी नेला आणि त्यांना हसू फुटलं. आधी दाबून, मग मोकळं, शेवटी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यांच्या आजीच्या कपाटालाही हाच वास यायचा, त्या म्हणाल्या. आजीही लोकरीच्या कपड्यांत न विचारता गोळ्या घालायची आणि घरभर सगळे शिंकायचे. खोक्यांचा वास आपल्याला तिकडेच ओळखीचा वाटला होता, त्या म्हणाल्या, पण प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाला आजीची आठवण काढायचं सुचत नाही.

हसू ओसरल्यावर त्या तृप्तीला गंभीरपणे काहीतरी म्हणाल्या. सुनीलनं ते आईला सांगितलं: "शास्त्रज्ञानं खोटं बोलू नये, म्हणतायत. मघाचं मी ऐकलं नाही असं समजते, म्हणतायत. एक खोका आणखी पाठव. पण प्रयोगशाळेतून थेट, घरावरून नाही."

हातातले कागद त्यांनी न वाचताच पिशवीत घातले.

चौथा खोका कॉलेजातूनच गेला. वत्सलाबाईंनी घरातल्या झाडून सगळ्या गोळ्या टाकून दिल्या, शाली उन्हात घातल्या आणि फोन वाजला की स्वयंपाकघरात पळून जाऊ लागल्या. मेथीसुद्धा तिथेच निवडायच्या. तृप्ती त्यांना एका शब्दानं बोलली नव्हती, आणि तेच त्यांना जास्त लागत होतं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वत्सलाबाई महाशिवरात्रीच्या उपासाची साबुदाण्याची खिचडी परतत असताना तृप्ती दारात चप्पल न काढताच आत आली. तिच्या हातात छापलेला एक फोटो होता. करड्या जाळीत लांबट ठिपके दाटीवाटीनं पसरले होते, एकमेकांना चिकटून.

"धरलं," ती म्हणाली. "आई, सगळ्या चकत्यांत धरलं. काम आपल्याकडेच राहिलं."

वत्सलाबाईंनी पदराला हात पुसले आणि फोटो घेतला. ठिपक्यांवरून बोट फिरवलं. बघता बघता त्यांचे डोळे भरून आले, आणि इतके दिवस मनात ठेवलेलं त्यांनी विचारलं.

"त्या दिवशी मी बोलले नसते तर गं?"

तृप्ती ओट्याला टेकून उभी होती. तिनं कढईतला एक शेंगदाणा उचलून तोंडात टाकला.

"तर त्या गोळ्या आजही मीच ठेवलेल्या असत्या," ती म्हणाली.

वत्सलाबाईंनी तिला चप्पल बाहेर काढून हातपाय धुऊन यायला सांगितलं आणि दोन ताटल्यांत खिचडी वाढली.