अकरावी खुर्ची

आमच्या लासेर्ग या फ्रेंच गावात दुपारी बारा ते दोन कुणी कुणाचं दार वाजवत नाही. आग लागली तरी माणूस आधी ताटातलं संपवेल, मग बादली शोधेल. एवढं तरी विनीला एकोणीस वर्षांत कळायला हवं होतं. पण ती पडली इंग्रज. पंचायतीच्या निवडणुकीला उभी राहिली आणि पहिल्याच दिवशी भर जेवणाच्या वेळी घरोघर मतं मागत फिरली.

"अगं, काय केलंस हे!" मी कपाळावर हात मारला. "लोकांच्या तोंडात बदकाची तंगडी आणि तू दारात उभी!"

"म्हणूनच तर गेले, इव्हेत. त्या वेळी सगळे घरात सापडतात."

आता यावर काय बोलणार? मी तिच्याबरोबर संध्याकाळी चार घरं फिरले, तर मागायची तऱ्हा त्याहून वाईट. "मत द्याच असं नाही हं, मादाम. तुमची सोय असेल तर. नाहीतर राहू द्या." लोक मान डोलवायचे आणि खरोखरच राहू द्यायचे.

तिला उभी केली ती मीच. मी स्वतः का नाही उभी राहिले, असं विचाराल तर मी आयुष्यभर या गावात टपाल वाटलंय आणि तोंड कधी बंद ठेवलेलं नाही. निम्म्या घरांशी माझं बोलणं नाही, उरलेल्या निम्म्यांना ते बंद झालं तर हवंच आहे. मला कोण मत देणार? विनीचं मात्र कुणाशी वाकडं नव्हतं. आणि युरोपातल्या माणसाला, म्हणजे तेव्हा इंग्रजांनाही, गावच्या निवडणुकीत मत देता येतं, उभंही राहता येतं, हे मला टपालखात्यात असल्यापासून ठाऊक होतं.

प्रश्न होता वाटेचा. आमच्या चर्चच्या मागून, अक्रोडाच्या बागांमधून, एक सपाट वाट दफनभूमीला जाते. वाट पंचायतीची, पण दोन्ही बाजूंच्या बागा आर्मां बुर्देयच्या. त्याला ती वाट विकत घेऊन, नांगरून, दोन बागांची एक करायची होती. वाट गेली की उरतो मोठा रस्ता. तो चढाचा, आणि त्यावरून खाणीचे ट्रक अंगावर येतात. विनीचा नवरा सिरिल चार वर्षांपासून त्या दफनभूमीत आहे. विनी मोटार चालवत नाही, आणि त्या ट्रकांमध्ये सायकल घालायची म्हणजे जिवाशी खेळ. रोज सकाळी झारी घेऊन ती त्या वाटेनं जाते, फुलांना पाणी घालते, सिरिलला हवापाणी सांगते आणि परत येते. बाई एरवी काही मागत नाही. पण वाट विकायची बातमी कळली त्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात बसून ती रडली, आणि एकोणीस वर्षांत मी तिला रडताना पहिल्यांदा पाहिलं. सिरिलच्या दफनविधीच्या दिवशीसुद्धा ती लोकांना खुर्च्या देत होती.

पंचायतीच्या जागा अकरा. पहिल्या रविवारी दहा भरल्या. पाच वाट विकायच्या बाजूचे, पाच विरुद्ध. अकराव्या जागेसाठी पुढच्या रविवारी पुन्हा मतदान, आणि रिंगणात दोघंच: आर्मां बुर्देय आणि विनिफ्रेड थर्स्टन.

आर्मां तिच्याशी अगदी गोड बोलायचा. "मादाम, तुम्ही आमच्याकडे उन्हासाठी आलात, ऊन खा, वाइन प्या. गावाची कटकट कशाला डोक्याला लावून घेता?"

"आभारी आहे, मस्य बुर्देय," विनीही तेवढ्याच अदबीनं म्हणायची. "तुमचे अक्रोड यंदा छान आलेत."

मला तर असं वाटायचं, दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत.

गावात तीसेक इंग्रज. मी त्यांच्या घरी गेले. एक निवृत्त कर्नल चहाचा कप पुढे करत म्हणाले, "आम्ही पाहुणे माणसं. पाहुण्यांनी यजमानाच्या भांडणात पडू नये."

"पाहुणे?" माझं डोकं सटकलं. "कर भरता ना? मेल्यावर इथेच पुरणार ना? मग कसले पाहुणे! आणि पुरायला नेणार कुठल्या वाटेनं, ट्रकखालून?"

कर्नलनी कप खाली ठेवला. रविवारी सकाळी मी पंचायतीत पोचले तर दार उघडायच्या आधीच बाहेर तीस इंग्रज एकामागे एक शिस्तीत उभे. आमच्या गावानं रांग अशी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. आमची माणसं आली ती नेहमीसारखी घोळक्यानं, कोपरं मारत, आणि रांग बघून बावचळली.

आर्मां आला तो नादेजला घेऊन. नादेज शेजारच्या बाजारगावची केशकर्तनकार, पन्नाशीची, हसरी. वर्षभरापासून दोघांचं जमलं होतं. आर्मांचे केस त्या वर्षभरात काळेकुळकुळीत झाले होते, आणि वय, तो तिला सांगायचा ते, पासष्ट. शाळेत तो माझ्या पुढच्या वर्गात होता. सगळ्या गावाला त्याचं खरं वय पाठ, फक्त नादेजला माहीत नाही. गावानंही सांगितलं नाही. शत्रूचीसुद्धा एवढी लाज राखावी लागते.

विनी पडद्यामागे गेली, बाहेर आली, पेटीत मताचं पाकीट टाकलं. सरपंच रुसेल मोठ्यानं म्हणाले, "मत दिलं!" जाताना ती आर्मांपाशी थांबली. "मी माझ्याकडून रीत पाळली, मस्य. तुम्हीही पाळालच."

"अर्थात, अर्थात," आर्मां म्हणाला. त्याला काही कळलं नसावं. मलाही नाही कळलं.

संध्याकाळी सहाला मोजणी सुरू झाली. पाकिटं फोडायला टेबलाशी मी. हॉल गच्च भरलेला, भिंतीला टेकून पोरंसोरं, पुढच्या खुर्च्यांवर म्हाताऱ्या. बुर्देय, थर्स्टन, थर्स्टन, बुर्देय. शेवटचं पाकीट फोडलं. दोघांना एक्क्याण्णव.

सरपंचांनी दोनदा मोजायला लावलं. तेच.

"समसमान," रुसेल घसा साफ करत म्हणाले. "कायदा असा आहे, की मतं सारखी पडली तर वयानं मोठा असेल तो निवडून आला. दोन्ही उमेदवारांनी सर्वांसमक्ष आपापलं वय सांगावं. कुणी वाढवून तर सांगितलं नाही ना, एवढं मी यादीत ताडून बघतो."

मग मागून कुणीतरी फिसकन हसलं.

आर्मांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. विनी सायकलवरून बाजाराला जाते, चर्चच्या मनोऱ्यावर चढून घंटेला तेल घालते. गाव तिला सत्तरच्या आतली धरून चाललेलं. म्हणजे आर्मांनं पासष्ट म्हटलं तर जागा जाते, वाट हातची जाते. खरं सांगितलं तर जागा मिळते, पण शेजारी नादेज बसलीय. तो तिच्याकडे बघतो, मग खिडकीबाहेर आपल्या बागांकडे बघतो, पुन्हा तिच्याकडे. कपाळावरून घामाचा काळा ओघळ उतरला.

शेवटी जमीन जिंकली. आमच्याकडे जमीनच जिंकते.

"चौऱ्याहत्तर!" आर्मां उभा राहून ओरडला. "पूर्ण! चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे मी! लिहा!"

"किती?" नादेज म्हणाली.

"नंतर सांगतो."

"नंतर काय सांगतोस? अजून वाढणार आहे का?"

हॉल हसून लोळायचा बाकी राहिला. आर्मांनं तिकडे लक्षही दिलं नाही, छाती काढून सरपंचांकडे बघत होता. रुसेल विनीकडे वळले. "मादाम थर्स्टन?"

विनी उठली. गाल लालबुंद. बाईनं चारचौघांत वय सांगायचं म्हणजे तिच्या देशात कपडे उतरवल्यासारखंच असणार.

"माफ करा, मस्य बुर्देय," ती म्हणाली. "अठ्ठ्याहत्तर."

मी आयुष्यात एवढा गोंगाट ऐकला नाही. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या टाळ्या पिटत उठल्या, कर्नल टोपी उडवत होते. सरपंच यादीत बोट फिरवून मान डोलवत होते, पण त्यांच्याकडे बघतंय कोण! आर्मां टेबलं ढकलत विनीसमोर आला आणि बोट नाचवत किंचाळला, "अगं ए म्हातारडे! चोरटी! इतकी वर्षं वय कुठं लपवून ठेवलं होतंस? सायकल चालवतेस! लाज नाही वाटत? पंचायतीत येऊन तर बघ, एकेका कागदावर भांडेन तुझ्याशी!"

"आर्मां," मी म्हटलं, "खाली बस. चौऱ्याहत्तराव्या वर्षी दफनभूमीची सपाट वाट तुलाच आधी लागायची."

नादेज सगळ्यांत मोठ्यानं हसली. मग तिनं त्याचा दंड धरला आणि त्याला घरी नेला. त्याला सोडून गेली नाही, हे सांगून टाकते. केस मात्र तिनं त्याच आठवड्यात पांढरे करून टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विनीबरोबर त्या वाटेनं गेले. तिनं फुलांना पाणी घातलं, सिरिलला निकाल सांगितला आणि दगडावर बसली. चेहरा असा खुललेला, की मला वाटलं वाटेमुळेच.

"काल त्यानं मला शिव्या दिल्या, इव्हेत," ती म्हणाली. "बोट नाचवून! एकोणीस वर्षं या गावात सगळे माझ्याशी किती छान वागले. दार उघडून धरायचे, हवा कशी आहे विचारायचे. तुम्ही एकमेकांशी भांडायचात, बोलणं टाकायचात, मग लग्नात गळ्यात पडून रडायचात. माझ्याशी कधी कुणी भांडलंच नाही. काल रात्री मला आनंदानं झोप लागली नाही."

मी लगेच विषय बदलला. "पण एका मतानं जीव टांगणीला लागला होता बघ. एक मत जास्त पडलं असतं, तर ही वयाची भानगडच नव्हती."

"हो ना," विनी म्हणाली. "खरं तर त्यानं मला मत द्यायला हवं होतं."

"कुणी?"

"मस्य बुर्देयनी. आमच्याकडे बागकामाच्या मंडळात तशीच रीत आहे. दोघं उभे असले की एकमेकांना मत द्यायचं. स्वतःलाच कसं देणार? मी माझं त्यांना दिलं."

"तू आर्मांला मत दिलंस?" मी उठून उभी राहिले. "बयो, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? ही वाट जात होती! हा तुझा नवरा इथं पडलाय! मी तीस इंग्रजांच्या दारात घसा फोडला, आणि तू त्या अक्रोडवाल्याला मत देऊन आलीस? मूर्ख बाई! महामूर्ख! थांब, आजपासून तुझं माझं बोलणं बंद!"

पलीकडच्या झाडावरचे कावळे उडाले. विनी दगडावर बसून माझ्याकडे बघत होती, डोळे भरलेले, आणि तोंडभर हसू.

"ओरड," ती म्हणाली. "अजून थोडं ओरड ना. सिरिललाही ऐकू दे."