बोटांच्या फटीतून

डेंग्यूचा ताप उतरला, प्लेटलेट वर आल्या आणि घरादाराने हुश्श केलं. हुश्श केलं नाही ते एकट्या चिमणीच्या आईने. पोर चेंडू झेलताना मान वाकडी करत होती. डावा डोळा मिटला की लाल चेंडूला "धुऊन विटलेला" म्हणत होती.

"अशक्तपणा गं," सासूबाई म्हणाल्या. "तू वाचून वाचून हात धुऊन पोरीच्या मागे लागलीस."

"लागले तर लागले. चला, आई."

नेत्रविभागात तपासनीस म्हणाला, "डावा डोळा झाक बघू." चिमणीने तळवा ठेवला आणि मासा, छत्री, घर असं सगळं घडाघडा सांगितलं.

"छान! ताई, उगाच घाबरलात."

पण चिमणीच्या आईने पाहिलं होतं. लपाछपीत राज्य आलं की चिमणी अशीच डोळे झाकायची, बोटांत फट ठेवून.

"पुन्हा घ्या. कापूस लावून, वर चिकटपट्टी."

"ताई, बाहेर रांग बघा."

"बघितली. त्याच रांगेतून आलेय. मी इथून हलणार नाही."

"ओ बाई, आटपा की!" दारातून कुणीतरी ओरडलं.

सासूबाई गर्रकन वळल्या. "थांबा हो! आमची सून बसली की बसली. मी हात टेकले, तुम्ही कोण लागून गेलात?"

तपासनीसाने मुकाट्याने पट्टी लावली.

"हं, सांग."

चिमणीने मान वाकडी केली आणि म्हणाली, "मधे ढग आलाय."

तपासनीसाने डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी टॉर्च या डोळ्यावरून त्या डोळ्यावर नेला. पुन्हा नेला. उजेड उजव्या डोळ्यावर आला की बाहुली आकसायच्या ऐवजी उलट मोठी होत होती.

"तापानंतर डोळ्याच्या नसेला सूज आलीय. आजच दाखल करा, औषध सुरू करू. नजर किती परत येईल, ते मात्र आत्ता सांगता येत नाही."

खुर्चीची पाठ धरून चिमणीची आई म्हणाली, "ते नका सांगू. आधी काय करायचं, ते सांगा."

चिमणीने पट्टी ओढली. "माझं राज्य संपलं?"

"संपलं. आता माझ्यावर."

"तू फट ठेवशील?"

"ठेवणार तर! सापडेपर्यंत सोडणार नाही."

"हिला सोडता येतं कुठे," सासूबाई पुटपुटल्या आणि पिशवी उचलून वॉर्डाच्या दिशेने सगळ्यांच्या पुढे निघाल्या.