एल्डरांचं दुकान

कर्टलँड गावात आमच्या मॉर्मन पंथाच्या मंडळींनी दुकान काढलं, तेव्हा गल्ल्यावर तीन एल्डर, म्हणजे पंथाचे धर्मोपदेशक, बसले. तिघेही प्रवचनात पटाईत, पण छिटाच्या कापडाचा भाव एकालाही ठाऊक नव्हता. दुकान चालत होतं ते माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या, असाहेलच्या जिवावर. त्याचं सारं लहानपण व्हर्मॉंटला बापाच्या दुकानात गेलेलं. पण तो खोकायचा, रुमालावर रक्त पडायचं. लोविना, माझी बहीण, ते रुमाल गुपचूप धुवायची.

पानगळीतल्या सभेत एल्डर हॅडलॉकनी जाहीर केलं, की असाहेलने कॅनडात धर्मप्रचाराला जावं अशी प्रभूची इच्छा आहे. दुकानदारी कळणारा एकुलता एक माणूस, आणि नेमका त्यालाच धाडायचं! जायचं तेही खिशात दमडी न घेता, लोक घालतील ते खात. आमच्यात अशा नेमणुकीला सगळे हात वर करून संमती देतात. असाहेलने सर्वांआधी हात वर केला. मग रिवाज म्हणून 'कुणाचा विरोध?' असं विचारतात. तिथे कधी कुणाचा हात उठत नाही. त्या दिवशी लोविनाचा उठला.

हॅडलॉकनी कारण विचारलं.

"रक्त पडतंय त्यांना. या थंडीत वाटेतच जातील."

"प्रभू बरं करील, भगिनी."

"मग इथंच करू दे की."

असाहेल उठला आणि त्याने स्वतः तिचा हात धरून खाली केला. "मला खाली बघायला लावू नकोस, लोविना," एवढंच म्हणाला. सोमवारी तो निघाला.

त्याच्यामागे दुकानाची रया गेली. एल्डर गिऱ्हाइकाला आधी पश्चात्तापाचं महत्त्व सांगायचे, मग मीठ कुठं ठेवलंय ते शोधायचे. बाहेरचे लोक यायचे बंद झाले, आपलेच लोक फुकट नेऊ लागले. बर्फ वितळायच्या आत दाराला फळ्या ठोकल्या.

वसंतात असाहेलचा प्रचारातला जोडीदार सायलस दाराशी आला. त्याचा चेहरा पाहूनच लोविना खाली बसली. असाहेलने ऐन थंडीत कुणाच्या तरी गोठ्यात प्राण सोडला होता. शेवटपर्यंत दुकानाचाच घोर लागला होता, सायलस सांगत होता. कर्टलँडहून कुणी आलं की दुकान चाललंय ना, हेच विचारायचा.

"आणि माझं?" लोविनाने विचारलं.

"म्हणायचा, लोविनाला प्रभू सांभाळेल."

"दुकान सोडायचं होतं प्रभूवर," ती म्हणाली. "मला त्यांनी सांभाळायचं होतं."

मला त्या मेलेल्या माणसाचा इतका राग आला, की रडू आलंच नाही.