पहिला दिवस कोणता

"डॉक्टरीण बाईनं सांगतलं नं, अंडंच तयार होऊन नाही राहिलं. आता सरळ एसटीनं काटोलले, हिच्या मायकडे," सुभद्राबाई पदर खोचत म्हणाल्या. त्यांची सून काजल बाकावर बसून हातातल्या रिपोर्टाकडे पाहत होती.

सक्करदऱ्याच्या तलावावरचं धुकं लॅबच्या खिडकीशी आलं होतं. तिथेच पुष्पलता रक्ताच्या नळ्या यंत्रात फिरवत उभी होती. बावीस वर्षं ती बायकांचं रक्त काढत होती, तरी यंत्राची घरघर सुरू झाली की तिची हमखास तंद्री लागायची. लाल रक्त खाली बसायचं, वर फिकट पिवळं पाणी उरायचं. त्या पाण्यात एखाद्या घराचं पुढचं सगळं दिसेल, असं तिला उगाच वाटायचं. दिसायचं काहीच नाही, आणि दिसलं असतं तरी ती बोलली नसती. रिपोर्ट डॉक्टरच सांगतील, हा तिचा नियम होता.

"मी तं बरोबर मोजलं होतं, ताई," काजल तिला हळूच म्हणाली. "डॉक्टरीण बाईनं सांगतल्यासारखी, न्हाल्यापासून एकविसाव्या दिवशीच रक्त द्याले आली होती."

"न्हाल्यापासून?"

"मंग? चार दिवस बाजूले बसतो. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं का तो पहिला दिवस."

"त्यात काय चुकलं?" सुभद्राबाई म्हणाल्या. "मीबी तसीच मोजत आली."

पुष्पलताने काजलच्या हातातून रिपोर्ट घेतला आणि न विचारता डॉक्टर वेदिकांच्या खोलीत शिरली. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, कॅलेंडरवर बोट फिरवलं आणि कपाळाला हात लावला.

"म्हणजे रक्त घेतलं पंचविसाव्या दिवशी! हिची पाळी येते सव्वीस दिवसांनी. अंडं सुटल्यावर वाढणारा हा हार्मोन पाळीच्या आठवडाभर आधी भरात असतो, पाळी तोंडावर आली की उतरतोच. या आकड्यावरून मी बोलायलाच नको होतं."

त्या स्वतः बाहेर आल्या. "मावशी, चूक आमची आहे. पुढच्या महिन्यात, रक्त दिसल्यापासून एकोणिसाव्या दिवशी हिला परत आणा. तोवर हिच्यात दोष आहे, असं कुणीच म्हणायचं नाही."

सुभद्राबाईंनी खोचलेला पदर सोडला.

"काटोलची एसटी तं गेलीच असंन," त्या म्हणाल्या. "चाल वं, घरी भाजी चिराची राहिली हाये."

काजल उठली. जाताना तिने पुष्पलताचा हात घट्ट धरला, आणि मग सासूच्या मागे धुक्यात दिसेनाशी झाली.

पुष्पलता खिडकीशी परत आली. फॉर्मवर 'दिवस एकविसावा' हे तिनेच लिहिलं होतं. बावीस वर्षांत असे किती आकडे लिहिले, याचा तिला अंदाज येईना.

आणि मग तिला स्वतःचा कागद आठवला. पंचवीसेक वर्षांपूर्वीचा, ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली ठेवलेला. त्यावरही एकविसावा दिवस होता, न्हाल्यापासून मोजलेला. त्याच कागदापायी तिला माहेरी आणून सोडलं होतं, न्यायला पुन्हा कुणी आलं नाही. तिने बोटांची पेरं मोजायला सुरुवात केली, पाचव्या दिवसापासून. अंगठा थांबला तेव्हा आकडा पंचवीस झाला होता. कदाचित बरोबर दिवशी रक्त घेऊनही काही निराळं निघालं नसतं. पण पहिला दिवस कोणता, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिला रडू आलं, आणि तिने ते अडवलं नाही.

"ताई, घेता ना रक्त?" पुढची बाई खुर्चीत बसून बाही वर करत होती.

पुष्पलताने डोळे पुसले. दंडाला बांधायचा पट्टा हातातच ठेवून ती तिच्याजवळ बसली.

"घेतो. पण आधी सांग वं, रक्त कोणत्या तारखेले दिसलं? न्हाल्याची तारीख नोको सांगू."