पाळण्याखालचे ठोके

त्याला सगळे भोंगा म्हणत, आणि अख्ख्या नाटक कंपनीत त्याच्याइतका मुखदुर्बळ माणूस शोधून सापडला नसता. नावं ठेवणाऱ्यांची अक्कल ही अशी. एकवीस वर्षं तो प्रेक्षागृहाच्या मागच्या काचेच्या खोलीत मिक्सरपुढे बसून आवाज वाजवत होता. दाराची टकटक, लांबून जाणारी गाडी, भांडं पडल्याचा आवाज, पाऊस. त्याची थोरली बहीण म्हणायची, "मिक्सर तुझ्या स्वयंपाकघरातही आहे रे, त्याला कधी हात लावतोस का?" ही ताई त्याच कंपनीत कपडेपट सांभाळायची. भोंग्याने लग्न केलं नाही, त्यामुळे दुपारचा डबा तिच्याकडूनच यायचा. एक दिवस चुकला नाही. भाऊजी गेले त्यानंतरही चुकला नाही, आणि भोंग्याला नेमकं तेच सोसवत नव्हतं.

आता भाऊजी कसे गेले ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी कंपनीचं वादळाचं नाटक जोरात चालायचं. शेवटी राणी एकटी उभी असते, विजा कडाडतात, आणि बघता बघता ती जमिनीत गडप होते. बायका किंचाळायच्या. खालची भानगड साधी होती. राणीच्या पायाखाली लोखंडी दोरांवर टांगलेला जाड लाकडी चौथरा होता, त्याला सगळे पाळणा म्हणत. विंगेत मामा, म्हणजे म्हातारे चक्रीवाले, चक्री फिरवत आणि पाळणा तळघरात उतरे. पण त्याआधी खालच्या माणसाने पाळण्याखाली शिरून त्याचा टेकू काढायचा आणि बाहेर यायचं. गडगडाटात हाक ऐकू येत नाही आणि अंधारात हात दिसत नाही, म्हणून ठोके ठरवलेले. शेजारच्या खांबाला छोटा माइक बांधलेला होता. हातोडीच्या दांड्याने खांबावर दोन ठोके म्हणजे मी बाहेर आहे, सोडा. तीन म्हणजे मी आत आहे, थांबा. ते ऐकू यायचे एकट्या भोंग्याला, हेडफोनमध्ये. दोन आले की त्याने बटण दाबून धरायचं, की मामांपुढे हिरवा दिवा लागायचा. बटण सोडलं की दिवा गेला, चक्री थांबली.

खालचा माणूस म्हणजे ताईचा नवरा, कंपनीचा सुतार. त्या प्रयोगाला त्याने टेकू काढला, पण बाहेर येताना सदऱ्याची बाही खिळ्यात अडकली. आणि पाळणा आला.

चौकशीला आलेल्या माणसांनी भोंग्याला एकच विचारलं, किती ठोके आले?

"दोन ठोके आले. मी दिवा दिला," भोंगा म्हणाला.

झालं. सुताराचीच चूक, असं कागदावर लागलं. कुणी म्हणालं घेतली असेल थोडी. ताईला तेही ऐकावं लागलं. शिवता शिवता ती मध्येच सुई थांबवून म्हणायची, "दोन ठोकून आत काय करत बसला होता माझा शहाणा? जरा म्हणून जिवाची फिकीर नाही. मला टाकून गेला, मूर्ख!" आणि नाक ओढून पुन्हा टाके घालायला लागायची. फाटक्या बाहीचा तो सदरा तिने पेटीत तसाच ठेवला होता. कंपनीभरचे कपडे सांधणारी बाई, पण त्या बाहीला तिने सुई लावली नाही.

खरी गोष्ट अशी, की त्या दिवशी भोंग्याने एकही ठोका ऐकला नव्हता. अकरा दिवस पत्रे हलवून हलवून त्याने नवा गडगडाट तयार केला होता, आणि त्या प्रयोगाला तो पहिल्यांदा वाजत होता. छतापासून मागच्या भिंतीपर्यंत कसा फिरतो ते ऐकायला त्याने हेडफोन गळ्यात उतरवला. दोन ठोके रोज तिसऱ्या गडगडाटालाच यायचे. तिसरा गडगडाट झाला, त्याने अंदाजाने बटण दाबलं. एवढंच. स्वतःच्या आवाजावर जीव जडलेल्या माणसाचं पाप. खाली भाऊजींनी तीन ठोकले होते की तीस, हे त्याला कधीच कळलं नाही, आणि कळू नये म्हणून तो तीन वर्षं डोळे मिटून ताईचा डबा गिळत होता.

आणि यंदा कंपनीने तेच नाटक पुन्हा काढलं.

तळघर उघडलं, पाळण्याला नवे दोर लावले. पहिल्या तालमीला भोंग्याने वादळ लावलं आणि मिक्सरकडे बघितलं तर आवाजाची पातळी दाखवणाऱ्या एका पट्टीवरचे हिरवे दिवे चढले. उतरले. चढले, उतरले. चढले, उतरले. तीनदा. त्या पट्टीखाली चिकटपट्टीवर भाऊजींच्या वाकड्या अक्षरात 'तळ' लिहिलेलं होतं. भोंग्याला वाटलं, माइकची वायर सैल असेल. त्याने मान वळवली. वायर त्याच्याच टेबलावर वेटोळं करून पडली होती. अजून कशालाच जोडली नव्हती.

हेडफोन कानाला लावायचं धाडस होईना, आणि लावल्याशिवाय राहवेना. शेवटी एक कान लावला. लाकडावर लाकूड. ठक, ठक, ठक. थोडी शांतता. पुन्हा ठक, ठक, ठक. अजिबात घाई नव्हती. समोरचा दार उघडणार याची खात्री असल्यासारखं कुणी ठोकत होतं. भोंग्याने त्या पट्टीची कळ खाली ओढून आवाज बंद केला, आणि त्या दिवशी डबा न उघडताच परत पाठवला.

"बरं नाही का रे?" ताईने विचारलं.

"पोट," तो म्हणाला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

खालच्या कामाला नवा माणूस आला होता, उंच म्हणून त्याला लंबू म्हणत. चांगला बाप्या गडी, भुताखेतांना हसणारा. वायर जोडली, चार दिवस तालमी झाल्या. पाचव्या दिवशी तो सकाळच्या चहाला वर आला आणि हातोडी दिग्दर्शकांच्या टेबलावर ठेवली.

"साहेब, खाली माझ्याबरोबर कोण असतं?"

"कोण असणार? उंदीर."

"उंदीर तीन मोजत नाहीत. मी हात उचलायच्या आत माझ्या खांद्यापाशी तीन ठोके पडतात. रोज. नोकरी गेली खड्ड्यात." आणि तो खरंच गेला. चहाही अर्धा टाकून गेला.

दुसऱ्या दिवशी पहिला प्रयोग. तिकिटं विकलेली. दिग्दर्शकांच्या तोंडचं पाणी पळालं. आज दुपारी वादळाची तालीम काहीही करून व्हायला हवी होती, राणीच्या जागी पाळण्यावर वाळूची पोती ठेवून.

"मी जातो खाली," भोंगा म्हणाला.

सगळे बघतच राहिले. भोंगा आपणहून बोलला हेच नवल. पण त्याने मनाशी ठरवलं होतं, की खाली अंधारात एकदाची भाऊजींची माफी मागून टाकायची. मेलेल्याची माफी मागणं सोपं असतं. जिवंत माणसापुढे जीभ रेटत नाही.

"मग ठोके कोण ऐकणार?" दिग्दर्शकांनी विचारलं.

"मी ऐकते," विंगेतून ताई म्हणाली. राणीचा झगा हातात, तोंडात टाचण्या. त्या काढून तिने पदराला लावल्या. "दोन म्हणजे सोड, तीन म्हणजे थांब. सुताराची बायको आहे मी, मला काय शिकवता?"

भोंगा तिच्याकडे वळला. "तू नको, ताई."

"का? मला कान नाहीत?"

त्याने तिला बटण दाखवलं, गडगडाट आपोआप वाजेल असा लावून ठेवला, आणि हातोडी घेऊन खाली उतरला.

तळघरात भुश्शाचा आणि तेलाचा वास होता, तीन वर्षांपूर्वीचा तोच. वरून फळ्यांच्या फटीतून उजेडाच्या बारीक रेघा येत होत्या. पाळण्याखाली जायला वाकावं लागायचं. भोंगा वाकून आत शिरला, टेकूवर हात ठेवला, आणि वादळ सुरू व्हायच्या आधीच्या शांततेत खांबाशी तोंड नेऊन कुजबुजला.

"भाऊजी, चुकलं माझं. मी ऐकतच नव्हतो. हेडफोन गळ्यात होता. दोन ठोके आलेच नव्हते, मी खोटं बोललो. मला मारा, काहीही करा. फक्त ताईला सांगायला लावू नका. मला दुसरं कोणी नाही."

उत्तर येईल असं त्यालाही वाटलं नव्हतं. पण कानामागे कुणीतरी श्वास रोखून उभं राहावं, तसं त्याला जाणवलं, आणि मानेवरचे केस ताठ झाले.

वर पहिला गडगडाट झाला. मग दुसरा. त्याने टेकू ओढून काढला आणि बाहेर सरकायला लागला, तेव्हा खांबावर ठोका पडला.

ठक.

हातोडी त्याच्याच मुठीत होती. त्याने ती हलवलीही नव्हती.

ठक.

दोन. फक्त दोन. भोंगा तिसऱ्याची वाट बघत राहिला आणि तिसरा आला नाही. हे दोन ठोके त्याने स्वतः घडवले होते. जगात ते कधी वाजलेच नव्हते, फक्त त्याच्या तोंडात होते. आज वाजले. वर दोर करकरले आणि पाळणा हलला.

तो बाहेर झेपावला तर बाही अडकली. खिळा होता की हात, देव जाणे. तोंडातून आवाज फुटेना, आणि फुटला असता तरी त्याच्याच गडगडाटाने तो गिळला असता. त्याने जीव खाऊन हातोडी खांबावर हाणली. एक, दोन, तीन. पाळणा उतरतच होता. फळी डोक्याला टेकली, मान वाकली, गुडघे वाकले. एक, दोन, तीन!

पाळणा थांबला.

बाही ज्याने धरली होती त्याने सोडली. भोंगा बाहेर कोसळला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

तो कसाबसा काचेच्या खोलीपर्यंत आला. ताई खुर्चीत ताठ बसली होती, हेडफोन दोन्ही कानांवर, बोट बटणापासून वीतभर लांब. चेहरा पांढराफटक. तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

"दोन ठोके आले," ती म्हणाली. "मी दिवा दिला."

भोंग्याला ओळखू आलं. शब्द न् शब्द त्याचाच होता.

"मग तीन आले. एवढा गडगडाट चालू होता, तरी दारावर वाजावेत तसे स्वच्छ आले. मी हात काढला. ऐकणारा असला की ऐकू येतात रे." तिने कानावरच्या हेडफोनवर बोट टेकवलं. "आणि त्याच्याही आधी काय आलं, सांगू?"

तेव्हा कुठे भोंग्याच्या डोक्यात प्रकाश पडला. माइक. एकवीस वर्षं दुसऱ्यांना बजावत होता, माइकजवळ बोलू नका, तो कायम चालू धरा. आणि स्वतः त्याच्याच तोंडाशी जाऊन बोलला होता.

"ताई..."

"तीन वर्षं शिव्या घातल्या मी त्याला," ती म्हणाली. "लोक दारुडा म्हणाले, मी ऐकून घेतलं. रोज त्याला मूर्ख म्हटलं आणि रोज तुला जेवू घातलं. मला काय वाटत असेल, सांग." तिने मिक्सरवरचा माइक उचलला. दिग्दर्शक त्यावरून अख्ख्या रंगमंचाला सूचना द्यायचे. तिने तो त्याच्या हातात कोंबला. "मला नको सांगूस. मी ऐकलं. त्यांना सांग."

काचेपलीकडे मामा, दिग्दर्शक, राणी, दिव्यांवरची माणसं, सगळे खोलीकडे बघत होते. भोंग्याने माइकचं बटण दाबलं. प्रेक्षागृहात त्याचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा घुमला, आणि तो घोगरा आवाज कुणाचा हे क्षणभर कुणालाच कळेना.

"भाऊजींनी दोन ठोके दिले नव्हते," तो म्हणाला. "मी ऐकत नव्हतो. मी अंदाजाने दिवा दिला. ते चुकले नाहीत. मी चुकलो."

मामांनी डोक्यावरची टोपी काढली.

मग रंगमंचाखालून दोन ठोके आले. हेडफोन लागला नाही, माइक लागला नाही, सगळ्यांनी ऐकले. ठक, ठक. चाळीस वर्षांच्या सवयीने मामांचा हात चक्रीकडे गेला, आणि तिथेच थांबला.

"आला बाहेर," ताई म्हणाली. "आला बाई एकदाचा." तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला, डोळ्यांना पदर लावला आणि भोंग्याच्या अंगावरून निघून कपडेपटात गेली. त्या संध्याकाळी तिने पेटी उघडली आणि सदऱ्याची बाही शिवली.

तळातून पुन्हा कधी काही ऐकू आलं नाही. डबाही पुन्हा कधी आला नाही.